घागर आणि टँकर

आमचा छंद निरुपद्रवी आहे, अशी आमची अनेक वर्षे समजूत होती. निवृत्तीनंतर कोणी केळीच्या वाडीत रमतो, कोणी चर्चच्या गायनवृंदात. आम्ही शब्द मोजत बसतो. त्याने कोणाचे भले होत नसेल, पण वाईटही होत नाही, असे आम्ही घरच्यांना सांगत आलो होतो. यातला दुसरा भाग खोटा ठरला, त्याची ही हकिकत.

वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. किल्ल्यातली त्यांची चर्चे आज भग्न उभी आहेत; त्यांचे शब्द मात्र धडधाकट आहेत. ज्याने आयुष्यात कधी वसई पाहिली नाही, असा विदर्भातला माणूसही पगार घेतो, चावी फिरवतो, लिलावात बोली लावतो आणि ग्रह फिरलेच तर तुरुंगात जातो. हे सारे तो पोर्तुगिजांच्या शब्दांनीच करतो. नाताळ तर आपल्या घरचाच. घमेले, परात, पिंप, बिजागरी ही मंडळीही त्याच गलबतांतून उतरलेली. यांपैकी कोणते शब्द आजच्या मराठीत भरभराटीला आले आणि कोणते वळचणीला बसून शेवटचे दिवस मोजत आहेत, हे जाणून घ्यावे, एवढीच आमची उत्सुकता.

मोजायचे म्हणजे वाचायचे आले, आणि तेही थोडेथोडके नव्हे. ‘बिजागरी’ची गाठ पडावी म्हणून माणसाने किती वाचावे? चार वर्षांत आमच्या तीन वह्या भरल्या आणि निष्कर्ष एकही हाती लागला नाही. २०१९ च्या नाताळच्या सुटीत आमचा भाचा घरी आला होता. तो संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. वह्या चाळून झाल्यावर तो म्हणाला, “मामा, हे माणसाचं काम नव्हे.” रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने एक आज्ञावली लिहून दिली. जेमतेम तीस ओळींची असेल. एखाद्या संकेतस्थळाचे पान उघडायचे, मजकूर उतरवून घ्यायचा, त्या पानावरचे दुवे धरून पुढच्या पानांवर जायचे, आणि न थकता, न जेवता हेच करीत राहायचे, एवढेच तिचे काम. इंग्रजीत अशा आज्ञावलीला कोळ्याचे नाव आहे. आमच्या शेजारच्या पाचूबंदरच्या मित्राला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “कोळी आम्हीही, पण आम्ही निदान पावसाळ्यात जाळे गुंडाळून ठेवतो.” त्या विनोदातला अर्थ आमच्या ध्यानी यायला महिना लागला.

जुनी मराठी मासिके अक्षरबद्ध करून वाचकांसाठी खुली ठेवणारे एक लहानसे संकेतस्थळ आम्हाला ठाऊक होते. घाटावरच्या एका गावी राहणारे एक निवृत्त गृहस्थ ते स्वतःच्या निवृत्तिवेतनातून चालवीत. चाळीस हजारांच्या आसपास पाने. आमच्या दृष्टीने ते पिकलेले शेतच होते. भाच्याने आज्ञावली सुरू करून दिली आणि तो कामावर निघून गेला. आम्ही रात्री प्रार्थना म्हणून झोपत होतो आणि सकाळी उठून किती पाने आली ते पाहत होतो. दुसऱ्या सकाळी जवळजवळ सगळी पाने आली होती. त्या दिवशी आम्ही फार आनंदात होतो.

पाचव्या दिवशी पत्र आले. आज्ञावलीच्या ओळखीच्या ओळीत भाच्याने प्रामाणिकपणे आपला ई-मेलचा पत्ता घातला होता, म्हणून त्या गृहस्थांना आमचा माग लागला. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. भाड्याच्या ज्या संगणकावर त्यांचे संकेतस्थळ होते, तेथे महिन्याला अमुक इतकीच वाहतूक असा करार होता. महिन्याचा तो साठा आम्ही दोन रात्रींत संपवला होता. पुढले नऊ दिवस, नवा महिना सुरू होईपर्यंत, संकेतस्थळ बंद राहिले. प्रबंध लिहीत असलेल्या एका मुलीचे काम त्यामुळे अडले होते. आपण एखादी मोठी कंपनी असाल असे प्रथम वाटले, असे त्यांनी लिहिले होते. वसईचे निवृत्त मराठी शिक्षक आहात हे कळल्यावर ते काही काळ गप्पच बसले. शेवटी एकच विचारणा होती: आपण मागितले का नाही? मागितले असते तर सगळेच दिले असते.

आणि त्यांनी खरोखरच दिले. आठवड्याने टपालाने एक पेन ड्राइव्ह आला. त्यात सारी मासिके व्यवस्थित लावलेली होती.

आम्ही भाच्याला फोन केला. त्याने तपासून सांगितले, की त्या संकेतस्थळाच्या दारावर पाटी होती. ती पाहायची राहून गेली. या पाटीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंटरनेट बाल्यावस्थेत असताना, १९९४ साली, मार्टाइन कोस्टर नावाच्या अभियंत्याने एक साधी सूचना मांडली. यंत्राने फिरणाऱ्यांसाठी प्रत्येक संकेतस्थळाने ‘रोबोट्स’ नावाची एक छोटी फाइल ठेवावी, तिच्यात कोणी कोठे यावे आणि कोठे येऊ नये हे लिहावे, आणि आलेल्या यंत्राने प्रथम ती वाचावी. कुलूप नव्हे, पहारेकरी नव्हे, नुसती पाटी. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीसारखी. २०२२ मध्ये ती इंटरनेटच्या मानकांत रीतसर नोंदली गेली, तेव्हाही त्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले गेले, की ही प्रवेशबंदीची यंत्रणा नव्हे. जवळजवळ तीन दशके निम्मे जग या सौजन्यावर चालले होते, ही आम्हाला लहानशी चमत्काराचीच गोष्ट वाटते.

आमच्या त्या गृहस्थांच्या पाटीवर एवढेच होते: दोन पानांमध्ये दहा सेकंद थांबावे. आम्ही कागदावर हिशेब मांडला. चाळीस हजार पाने, प्रत्येकी दहा सेकंद, म्हणजे पाच दिवसांपेक्षा थोडे कमी. निवृत्त माणसाने तीन दिवसांची बचत केली आणि दुसऱ्या निवृत्त माणसाचे नऊ दिवस बुडवले.

वसईकरांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या हरित पट्ट्यातल्या विहिरींवरून टँकर भरून जात होते, ते दिवस अनेकांनी पाहिले आहेत. शेजारीण घागर घेऊन विहिरीवर आली तर कोणी कधी हटकले नाही. तीच विहीर पंप लावून रात्रंदिवस उपसली जाऊ लागली, तेव्हा गोड पाणी मचूळ झाले, केळीच्या वाड्या सुकल्या, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीच्या मागे लोक रस्त्यावर उतरले. पाणी तेच, विहीर तीच. फरक फक्त किती आणि किती वेगाने, एवढाच होता. आम्ही त्या मोर्चांतून चाललो होतो. आपण कधी टँकरवाल्यांच्या रांगेत उभे राहू, असे तेव्हा स्वप्नातही आले नसते. आमच्या मनात आम्ही घागरच घेऊन गेलो होतो. भाच्याने घागरीच्या तळाला पंप बसवून दिला होता, इतकेच.

असो. पुढे खरे टँकर आले.

गेल्या काही वर्षांत माणसासारखे लिहिणारी बोलकी यंत्रे निघाली. या यंत्रांना शिकवायला अफाट मजकूर लागतो, आणि तो गोळा करायला कंपन्यांच्या आज्ञावल्या जगभर फिरू लागल्या. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये आपला हिशेब प्रसिद्ध केला. जानेवारी २०२४ पासून चित्रे व ध्वनिचित्रे उतरवून घेण्याची वाहतूक ५० टक्क्यांनी वाढली होती. एकूण पाहिल्या जाणाऱ्या पानांत यंत्रांचा वाटा सुमारे ३५ टक्के. पण सर्वांत खर्चिक वाहतुकीत तो ६५ टक्के. याचे कारण स्वयंपाकघरात पाहावे. रोज लागणारे डबे गृहिणी हाताशी ठेवते. वर्षातून एकदा लागणारी मोठी पातेली माळ्यावर जातात. माणसे बहुधा हाताशी असलेलेच मागतात. यंत्र मात्र घरातले एकूण एक भांडे मागते, आणि प्रत्येकासाठी शिडी लावून माळ्यावर चढावे लागते. विकिपीडियाने तर शहाणपणाने आपला सर्व मजकूर गाठोड्यात बांधून बाहेर ठेवलेला आहे. ज्याला हवा त्याने तो उचलून न्यावा, पानोपानी फिरू नये. तरीही यंत्रे माळ्यावर चढतातच.

मोठ्या संकेतस्थळांनी दारे लावून घेतली, यात नवल नाही. परंतु दार लावताना घागर कोणाची आणि टँकर कोणाचा, हे कोणी पाहिले नाही. ‘रेडिट’ नावाच्या प्रचंड सार्वजनिक चावडीचे उदाहरण घ्या. २०१५ पासून ‘पुशशिफ्ट’ नावाचा एक उपक्रम तेथील संभाषणे साठवून अभ्यासकांना देत असे. भाषेचे, रोगराईचे, समाजमनाचे अभ्यास त्यावर झाले. २०२३ च्या मे महिन्यात त्याचा प्रवेश रोखला गेला. नंतर तो उघडला, पण केवळ रेडिटच्या स्वयंसेवक देखरेखकारांपुरता. त्याच वर्षी १ जुलैपासून यंत्राने माहिती घेण्यास मोठी किंमत लावण्यात आली. ‘अपोलो’ हे लोकप्रिय वाचनसाधन एकट्या हाताने घडवणाऱ्या क्रिश्चन सेलिग या तरुणाने हिशेब केला, तर वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर भरावे लागणार होते. त्याने दुकान बंद केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिटने गूगलशी करार केला. त्याची किंमत वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलर असल्याचे रॉयटर्सने दिले होते. म्हणजे ज्याच्याकडे टँकर होता, त्याने विहिरीचे पैसे मोजले आणि पाणी नेले. घागरवाले काठावर राहिले. टँकर अडवण्यासाठी बांधलेल्या कुंपणातून टँकरच तेवढा आत जातो, हे आम्हाला अजून नीट गिळता आलेले नाही.

एका तरुणाची आठवण येथे टाळता येत नाही. ॲरन स्वार्त्झ याने २०१० च्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या जाळ्यातून ‘जेस्टोर’ या ग्रंथभांडारातील ४० लाखांहून अधिक शोधलेख उतरवून घेतले. जानेवारी २०११ मध्ये त्याला अटक झाली. ग्रंथभांडाराने त्याच्याशी समेट केला. सरकारी वकिलांनी मात्र केला नाही. अनेक वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर असताना ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने जीवनाचा अंत करून घेतला. तो बरोबर होता असे आम्ही म्हणत नाही. पण पुढे दहा वर्षांत कंपन्यांनी त्याच्या कितीतरी पट मजकूर उपसला, आणि त्यांच्यावर जे खटले झाले ते पैशांच्या भरपाईचे होते. प्रभू त्याच्या आत्म्याला शांती देवो.

अनुवाद ग्रंथाच्या २३ व्या अध्यायाच्या अखेरीस एक नियम आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर खा, पण टोपलीत घालून नेऊ नकोस. त्याच्या उभ्या पिकात गेलास तर हाताने कणसे खुड, पण विळा लावू नकोस. प्रभू येशूच्या शिष्यांनी शेतातून जाताना कणसे खुडली, तेव्हा परुश्यांनी शब्बाथावरून वाद घातला. कणसे खुडण्यावरून नव्हे, कारण तो हक्क सर्वांना मान्य होता. मोशेच्या या नियमात शेताला कुंपण घाला असे म्हटलेले नाही, आणि शेत लुटा असेही नाही. हात आणि विळा एवढाच भेद आहे. आमची अडचण अशी, की शब्द मोजणाऱ्याला हाताने भागत नाही. त्याला छोटा का होईना, विळा लागतोच. म्हणजे त्याने मालकाला विचारायला हवे. आणि विचारण्यासाठी मालक दारात तरी भेटायला हवा.

घाटावरचे ते गृहस्थ पूर्वी दारात भेटत. २०२४ मध्ये आम्ही त्यांना नव्या खंडांविषयी लिहिले, तेव्हा तीन ओळींचे उत्तर आले. त्यांच्या संकेतस्थळावर हजारो वेगवेगळ्या पत्त्यांवरून यंत्रे येत होती, पाटी वाचीत नव्हती, आणि भाड्याचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर चालला होता. त्यांनी फाटक बसवले होते. एक कोडे सुटल्याखेरीज पान उघडत नसे. पेन ड्राइव्ह आता कोणालाही देत नाही, असेही त्यांनी कळवले. तुम्ही कोणाला द्याल, ते पुढे कोणाला देतील, हे मला कसे कळणार? आम्हाला वाईट वाटले. खरे सांगायचे तर थोडा रागही आला. विश्वास ठेवण्याजोगे आम्ही आहोत, असे आम्हाला वाटत होते. दोन रात्रींची गोष्ट आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

तो राग कसा उतरला, ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामात जुन्या नोंदवह्यांचा प्रश्न निघाला. दोन उत्साही तरुणांनी मांडले, की स्नानसंस्कार, विवाह आणि दफन यांच्या सर्व वह्यांची छायाचित्रे काढून, शोधता येतील अशा रीतीने इंटरनेटवर ठेवावीत. परदेशी गेलेल्यांना आपली वंशावळ घरबसल्या मिळेल. समितीत आमचे नाव होते आणि आम्ही पाठिंबा देऊ, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आम्हीही धरले होते.

त्या संध्याकाळी फादरांनी एक वही उघडून दाखवली. विवाहाची वही ठेवण्याचा दंडक १५६३ सालचा, ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा. आजच्या कॅनन लॉच्या ५३५ व्या कलमात या वह्या परक्या हाती पडू नयेत याची काळजी घेण्याचे बंधन प्रमुख धर्मगुरूवर आहे. अमेरिकेतील मॉर्मन पंथाची वंशावळ-संस्था जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे काढीत असे, आणि त्या पंथात मृतांच्या नावे बाप्तिस्मा देण्याची प्रथा आहे. म्हणून एप्रिल २००८ मध्ये व्हॅटिकनने बिशपांना पत्र पाठवून नोंदवह्या त्या संस्थेला न देण्याविषयी सांगितले, हेही फादरांनी आठवण करून दिले. परंतु आम्हाला थांबवले ते या कायद्यांनी नव्हे. समासातल्या नोंदींनी थांबवले. एका मुलाच्या नावापुढे पित्याची जागा कोरी होती. ते मूल म्हणजे आज आमच्या शेजारच्या बाकावर बसणारे एक आजोबा. एक ओळ फादरांनी वाचून दाखवली, तर ती ओळ असते. चारशे पानांतल्या सगळ्या ओळी एका जागी आल्या आणि यंत्राने त्या एकमेकींशी जुळवल्या, तर साऱ्या गावाची झाकली मूठ उघडते.

आम्ही विरोधात मत दिले. तरुणांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य आम्ही पाहिले. परवा कॅनडातून एका तरुणीने पणजोबांच्या स्नानसंस्काराची विचारणा केली. फादरांनी वही काढली, ओळ शोधली, दाखला लिहून पाठवला. तिची घागर भरली.

धर्मग्रामाच्या जुन्या स्मरणिकांबाबत मात्र आम्ही उलट बाजूने भांडलो. त्या लोकांनी वाचाव्यात म्हणूनच छापल्या होत्या. त्या गाठोड्यात बांधून कोणालाही न्यायला ठेवाव्यात, असे आम्ही सुचवले. टँकरवाले तेही नेतील, असे एका सदस्याने म्हटले, आणि ते खरेच आहे. नेऊ देत. बोलकी यंत्रे मराठी शिकणारच असतील, तर त्यांनी आपल्या वाडीतली, लग्नातली, परातीची आणि पिंपाची मराठीही थोडी शिकावी. यावर अजून एकमत झालेले नाही. पुढची बैठक आगमनकाळाच्या आधी आहे.

त्या रात्री आम्ही घाटावरच्या गृहस्थांना पत्र लिहिले, ई-मेल नव्हे, कागदावर. नोंदवह्यांची गोष्ट सांगितली, आम्ही काय मत दिले ते सांगितले. आपल्याला सारे खंड नकोत, दोनच दशकांचे हवेत, ते कोणाला देणार नाही, आणि मोजणी झाल्यावर त्यांच्याच टेबलावर पुसून टाकू, असे लिहिले. २०१९ च्या त्या दोन रात्रींची क्षमाही पुन्हा मागितली. पहिल्यांदा ती घाईत मागितली होती.

उत्तरास तीन आठवडे लागले. अक्षर थरथरते झाले आहे. त्यांनी लिहिले आहे, की पाठवणार नाही, पण या. येथेच बसून मोजा, जेवणही येथेच करा. ‘बिजागरी’ त्यांच्या एका मासिकात फार चमत्कारिक अर्थाने आली आहे, ती ते स्वतः दाखवणार आहेत. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघायचे ठरले आहे. भाचाही येतो म्हणाला; त्याने नवी आज्ञावली लिहिली आहे, ती इंटरनेटला हातही लावत नाही. घरातून सुकेळीचा एक पुडा बांधून ठेवला आहे.